भिंतीपाशी कुणीतरी उभं हवं

१

दिवे लावायचे असतील तर आधी अंधार नीट बघून घ्यावा लागतो, असं भिंगरीचं म्हणणं होतं. म्हणून ती रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन डेकवरून मागच्या अंगणात उतरायची आणि उजेड ओसरताना काय काय दिसेनासं होतं ते बघत राहायची. पहिल्यांदा गवतातला पाण्याचा पाइप जायचा. मग डेकच्या पायऱ्यांच्या कडा. मग वाट. अंगणाच्या टोकाची दगडी भिंत मात्र बराच वेळ फिकट राखाडी दिसत राहायची आणि मग एकदम नाहीशी व्हायची.

पाइप दिसेनासा झाला की ती हमखास त्याला अडखळायची, आणि डेकवर बसलेले सासरे हसायचे.

"भिंगरे, आधी तो पाइप उचल. मग दिव्यांचं बघू."

"पाइप उचलला तर कळणार कसं बाबा, की इथे दिवा हवाय?"

"पडलीस की कळेल."

भिंगरी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सकाळी ती एका हाताने दात घासत दुसऱ्या हाताने कपडे वाळत घालताना त्यांना दिसली. "ही सून नाही, भिंगरी आहे," त्यांनी जाहीर केलं, आणि ते नाव तिला असं चिकटलं की नवराही मूळ नाव फक्त भांडताना वापरायचा.

दिव्यांचं ती रीतसर शिकली होती. शिकून मिळालं काय, तर पार्किंगचे दिवे. उंच खांब आणि वरून धो धो पांढरा उजेड. त्या उजेडात सगळी माणसं चोरासारखी दिसतात, असं तिने एकदा मीटिंगमध्ये सांगितलं. "चोर दिसावेत म्हणूनच लावतो," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. तेव्हापासून ती आतून धुमसत होती. उजेडाने माणसाला हाताला धरून घरी आणावं, त्याची झडती घेऊ नये, एवढं साधं लोकांना कळत का नाही? हे अंगण म्हणजे तिचं उत्तर होतं. फोटो काढायचे, चार लोकांना दाखवायचे आणि साहेबांच्या तोंडावर राजीनामा फेकायचा.

"वर एक मोठा हॅलोजन टाकू," नवरा म्हणाला होता. "विषय संपला."

"हॅलोजन! तुरुंग आहे का हा?"

"अगं, मला फक्त कचऱ्याचा डबा दिसला म्हणजे झालं."

हॅलोजन आला नाही. पायऱ्यांच्या कडेखाली लपणाऱ्या पट्ट्या आल्या, वाटेच्या बाजूने लावायचे गुडघ्याएवढे दिवे आले, आणि टोकाच्या भिंतीसाठी जमिनीत खोचायचे दोन. हे दोन आडवेतिडवे रोखायचे, म्हणजे एकाने पाडलेली सावली दुसऱ्याने पुसून टाकावी. डेकवर बसलेल्याला उजळलेली भिंत दिसावी. दिवा कुठे आहे ते मात्र कळू नये.

२

वायरमन मोठा गप्पिष्ट माणूस होता. दिवसभर केबल पुरताना त्याने आपल्या मेव्हण्याची सगळी कुंडली सांगितली, आणि ऐन काळोख पडायच्या वेळी हात झटकून उभा राहिला.

"अँगल उद्या सकाळी लावू, मॅडम. निवांत."

"सकाळी? सकाळी दिवा कुठे पडतोय ते दिसणार कसं?"

"तेही खरंच," तो म्हणाला, आणि तरीही निघून गेला.

भिंगरीला उद्यापर्यंत दम निघणं शक्यच नव्हतं. पण या कामाला दोन माणसं लागतात. भिंतीवर नुसता उजेड टाकून काही कळत नाही. तिथे कुणीतरी उभं हवं. ते डोळे मिचकावतंय का, त्याचा चेहरा कसा दिसतो, त्याच्या मागे काय पडतं, हे बघत बघत दिवा केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा असतो. आणि उभं राहणाऱ्याने हलायचं नसतं. तो हलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"मी राहतो की," बाबा डेकवरून म्हणाले. "जन्मभर दुसरं केलंय काय मी?"

ते खरं होतं. ते जमीन मोजणी खात्यात होते. साहेब लांब दुर्बिणीला डोळा लावून बसायचा आणि बाबा माळावर उंच मोजपट्टी धरून उभे राहायचे. ऊन असो, वारा असो, अंगावर मुंग्या चढोत. याचा त्यांना केवढा अभिमान होता! इतर माणसं कंटाळून बूड टेकायची, बाबा कधीच नाही. जेवताना ते हे सांगायला लागले की नवरा डोळे फिरवायचा.

तिने त्यांना भिंतीपाशी नेलं, खांदे धरून डेककडे वळवलं.

"मी सांगेपर्यंत हलायचं नाही हां, बाबा."

"साहेबाची हाक आल्याशिवाय हललोय का मी कधी? तू हो पुढे."

ती गुडघ्यांवर बसून दिवे फिरवू लागली. डावा जरा खाली. उजवा वर. बाबांच्या मागे दोन सावल्या होत्या, दोन्ही पातळ, पाण्यात विरघळत चाललेल्या शाईसारख्या. हेच तर हवं होतं. बाबा ताठ उभे होते, फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखे, आणि त्या मऊ उजेडात दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

मग फोन वाजला. ओळखीच्या ओळखीतून कुणाला तरी आपली बाग उजळून हवी होती. मोठी बाग, उतारावरची, आणि मधोमध तळं. भिंगरी फोन कानाला लावून डेकवर चढली. रेंज नीट येईना म्हणून आत गेली. बाहेर वायरमनने चाचणीपुरता लावलेला टायमर संपला आणि अंगणातले दिवे विझले. थोड्या वेळाने झिमझिम सुरू झाली.

३

नवऱ्याची गाडी आली तेव्हा ती टेबलापाशी बसून त्या तळ्याचं चित्र काढत होती.

"बाबा कुठायत?" चपला काढता काढता त्याने विचारलं.

तिच्या हातातली पेन्सिल थांबली.

"खोलीत नाहीत," तो आतून म्हणाला. "बाथरूममध्येही नाहीत. अगं, कुठे गेलेत?"

"मागे बघते," ती म्हणाली आणि पळाली. तो टॉर्च घेऊन तिच्या पाठोपाठ आला.

बाबा होते तिथेच होते. अंधारात, भिंतीपाशी, डेककडे तोंड करून, हात शरीराला चिकटवून. टॉर्चचा गोल त्यांच्यावर पडला, पांढराफटक, थेट डोळ्यांत. केस कपाळाला चिकटले होते. उजेड खाली सरकला तसे त्यांनी दोन्ही हात पुढे घेतले आणि पँटवर धरले. तिथे जे ओलं होतं ते पावसाचं नव्हतं.

"बाबा! अहो, काय हे? इथे काय करताय?"

बाबांनी मुलाकडे बघितलंच नाही. ते तिच्याकडे बघत होते. थोडं हसूही होतं ओठांवर, अवघडलेलं. ते वाट बघत होते. सांगायचं असेल ते साहेब सांगेल, अशा नजरेने.

आणि भिंगरी म्हणाली, "मी त्यांना कधीच आत या म्हटलं होतं. येतो म्हणाले." मग आवाज खाली आणून, जणू बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून, "हल्ली विसरतात रे ते. मी तुला सांगणारच होते."

आठवडाभर घोकल्यासारखं ते सहज तोंडातून बाहेर पडलं. नवऱ्याचा चेहरा पडला. बाबांच्या ओठांवरचं हसू क्षणभर तसंच राहिलं, घरातली माणसं निघून गेल्यावर चालू राहिलेल्या दिव्यासारखं.

"हो का?" ते म्हणाले. "असेल. विसरलो असेन."

त्यांना आत आणताना मुलाने एका बाजूने धरलं, सुनेने दुसऱ्या. त्यांचे पाय लाकडासारखे झाले होते. ती पँट भिंगरीने मशीनमध्ये टाकली नाही. हाताने धुतली, दार लावून, नळ बारीक सोडून.

४

दुसऱ्या दिवसापासून नवरा वडिलांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला. "बाबा, हा चहा. चहा. गरम आहे." ज्या माणसाने आदल्या रविवारी त्याला पत्त्यांत ओळीने हरवून वर टोमणे मारले होते, तो माणूस मान डोलावून कप दोन्ही हातांनी घ्यायचा. मुलाला राग नव्हता, कंटाळा नव्हता. तो फार प्रेमाने वागत होता, आणि तेच बघवत नव्हतं.

"रात्री तू घाबरली असशील," तो भिंगरीला म्हणाला. "एकटीच सांभाळत होतीस इतके दिवस. मला बोललीसुद्धा नाहीस."

हीच वेळ होती. दोन वाक्यांचं काम. नेहमी कुणाचं बोलणं पुरं होऊ न देणारी भिंगरी तेव्हा "हं" म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून पडली. उद्या सांगू. बाबांना जरा बरं वाटू दे, मग सांगू.

पण बाबांना बरं वाटेना. म्हणजे ताप नव्हता, खोकला नव्हता. फक्त ते दारात येऊन थांबायचे. "इथे बसू ना?" विचारायचे. बसा म्हटलं की बसायचे. उठा म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत. आणि ते आता तिला भिंगरी म्हणत नव्हते. "सूनबाई" म्हणायचे, लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्याच्या अदबीने.

दिव्यांचं काम मात्र झालं होतं. अंधार पडला की आपोआप लागतील अशी सोय वायरमनने करून दिली. त्या संध्याकाळी भिंगरी फोटो काढायला डेकवर उभी राहिली. पायऱ्या उजळल्या, मग वाट, मग भिंत. ठरवलं होतं तसंच सगळं, त्याहून सुरेख.

भिंतीवर एक सावली होती.

तिने कॅमेरा खाली केला. झाडाची असेल, असं मनात आलं, पण त्या बाजूला झाड नव्हतं. ती सावली माणसाएवढी होती, ताठ, खांद्यांपासून खाली सरळ. आणि ती एकच होती. भिंगरीला खटकलं ते हेच. दोन दिवे आडवेतिडवे रोखलेले असताना तिथे काहीही उभं असेल तर त्याच्या दोन सावल्या पडायला हव्यात, पातळ. ही एकच होती आणि काळीकुट्ट.

शिवाय तिथे काहीही उभं नव्हतं.

५

आपण शिकलेल्या बाई आहोत, असं स्वतःला बजावत ती खाली गेली. डावा दिवा उपटून घेतला. भिंतीचा अर्धा उजेड गेला, सावली तशीच. डावा परत खोचला, उजवा उपटला. सावली तशीच. दोन्ही दिवे हातात धरून तिने इकडून तिकडे फिरवले. भिंतीवरचा उजेड पाण्यासारखा हलला, आणि त्यात ती आकृती खांबासारखी जागच्या जागी राहिली. भिंतीचा दगडच तिथे ओला असेल. तिने हात लावून बघितला. कोरडा होता. सावलीत घातलेला आपला हात तिला दिसत होता, स्वच्छ, उजेडातला.

ती मागे सरली आणि पाइपात पाय अडकून खाली बसली. या वेळी डेकवरून कुणी हसलं नाही. बाबा आत स्वयंपाकघरात होते. खिडकीतून त्यांची मान दिसत होती, आणि समोर नवरा त्यांना मटार सोलायला शिकवत होता. "असं दाबायचं, बाबा. बघा, असं."

वायरमनला तिने दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. सावलीबद्दल बोलायला जीभ रेटेना. दिवे फडफडतात, एवढंच सांगितलं. त्याने जोड तपासले, मेव्हण्याने नवीन गाडी कशी ठोकली ते सांगितलं, आणि काही सापडलं नाही म्हणाला. तोवर अंधार पडला. दिवे लागले. तो पिशवी खांद्याला लावून अंगणाकडे एक नजर टाकत म्हणाला,

"एक नंबर दिसतंय हां, मॅडम. आणि आजोबांना आत बोलवा की आता. मघापासून उभे आहेत बिचारे."

भिंगरीने मागे वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. बाबा खुर्चीत बसलेले होते.

"हो," ती म्हणाली. "बोलावते."

वायरमन शीळ घालत फाटकाकडे गेला. त्याच्या शिळेचा आवाज विरला तसा तिला दुसरा आवाज ऐकू आला. तो भिंतीकडून येत होता. घसा बसलेला, तरी खुषीतला.

"भिंगरे, झालं का गं? हलू का?"

६

मनाचे खेळ आहेत, असं ती दोन-तीन दिवस म्हणत राहिली. मन खात असलं की असे आवाज ऐकू येतात. पण वायरमनला कुठलं मन खात होतं? त्याने बघितलं होतं, आणि काही वेगळं बघतोय हे त्याला कळलंही नव्हतं.

ती संध्याकाळी मागचं दार लावून घ्यायला लागली. टीव्ही मोठा करायला लागली. तरी दिवे लागले की तो आवाज यायचाच. रागावलेला कधी नसायचा. "डोळ्यांवर येत नाही हां उजेड. छान आहे." थोड्या वेळाने, "पाय जरा भरून आलेत. तुझं चालू दे." ती भांडी आपटायची, नळ सोडायची. शेवटी तिने दिव्यांचा मुख्य खटकाच बंद केला आणि अंगण काळोखात बुडवलं. मग तो म्हणाला, "लाइट गेले वाटतं. हरकत नाही. उभा आहे मी." तिने पळत जाऊन खटका पुन्हा चालू केला.

आणि घरातले बाबा रोज थोडे उणे होत होते. कालपर्यंत शब्दकोडं सोडवणारे बाबा आता पेन हातात धरून बसायचे. मोजणीच्या गोष्टी बंद झाल्या होत्या. नवऱ्याने मुद्दाम विषय काढला, "बाबा, ते माळावरचं सांगा ना, साहेब जेवायला गेला आणि तुम्ही उभे राहिलात ते." बाबा आठवायचा प्रयत्न करत म्हणाले, "मी? नाही बुवा. दुसरं कुणी असेल."

भिंगरीला कळत होतं काय होतंय. कसं होतंय ते कळत नव्हतं, आणि कुठल्या पुस्तकात सापडणारही नव्हतं. पण त्या रात्री तिने त्यांची आठवण खोटी पाडली होती. ज्याला ती खरी असल्याची खात्री होती तो माणूस आत आलाच नव्हता. तो बाहेर उभा होता. आत आला होता तो उरलेला, सांगितलेलं ऐकणारा.

म्हणजे उपाय सोपा होता. त्यांना आत बोलवायचं.

संध्याकाळी ती पाय न वाजवता भिंतीपर्यंत गेली. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. नवरा आत फोनवर बोलत होता. ती सावलीसमोर उभी राहिली आणि कुजबुजली, "झालं, बाबा. चला आत."

काहीच झालं नाही. मग अगदी समोरून, हातभर अंतरावरून, तो आवाज आला.

"ऐकू नाही आलं गं. मोठ्याने बोल."

तिने खिडकीकडे बघितलं. नवरा खिडकीशी येऊन उभा होता, फोन कानाला, तिच्याकडे बघून हसत होता. ओठांनीच विचारत होता, काय चाललंय?

"काही नाही," भिंगरी मोठ्याने म्हणाली. "दिवे बघतेय."

पायऱ्या चढताना तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने कठड्याला धरलं. उजेडावर, माणसांच्या डोळ्यांवर, मायेवर भाषणं ठोकणारी ती हीच का? एका म्हाताऱ्या माणसाला भर अंगणात मोठ्याने "आत या" म्हणणं तिला जमलं नव्हतं.

७

रविवारी नणंद आली. ती थोरली, घरात सगळे तिला ताई म्हणायचे, आणि ती बोलायला लागली की सगळे गप्प बसायचे. जेवणं उजेडातच उरकली, आणि चौघं काचेच्या मोठ्या दाराशी टेबलाभोवती बसले. बाहेर सांजावत होतं. एकेक करून दिवे लागले.

"छान लावलेस हां, भिंगरी," ताई म्हणाली. "आता बाबा कुठे जाऊन उभे राहिले तरी दिसतील."

"ताई!" नवरा म्हणाला.

"अरे, गंमत केली. बाबा, तुम्हाला राग नाही ना आला?"

"नाही, नाही," बाबा म्हणाले. आपल्यावर गंमत झाली हे त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे.

मग ताईने मुद्द्यालाच हात घातला. तिने एक जागा बघून ठेवली होती. अशाच माणसांची. स्वच्छ आहे, दार सतत बंद असतं, लक्ष ठेवणारी माणसं आहेत. उद्या सकाळी नेऊन सोडायचं. नवऱ्याने खाली मान घातली. त्याचे डोळे भरले होते. तरी तो नाही म्हणाला नाही.

"बाबा, तुम्हाला चालेल ना तिथे?" त्याने मोठ्याने, सावकाश विचारलं.

"तुम्ही सांगाल तिथे," बाबा म्हणाले.

भिंगरीने टेबलाची कड घट्ट धरली. उद्या सकाळी. म्हणजे आता पुढे ढकलायला दिवस उरलाच नव्हता. हा माणूस बंद दाराआड जाईल, आणि तो दुसरा इथेच, भिंतीपाशी, तिची वाट बघत राहील.

"थांबा," ती म्हणाली. आवाज चिरकला. "बाबा विसरले नव्हते. मीच त्यांना तिथे उभं केलं होतं, दिवे लावायला. हलू नका असं मीच सांगितलं, आणि मी आत आले आणि विसरून गेले. तू आलास तेव्हा मी खोटं बोलले. त्यांना काहीही झालेलं नाहीये. मी विसरले होते, ते नाही."

मग नवऱ्याने तिचा हात हातात घेतला.

"किती करशील गं तू?" तो म्हणाला. "बाबांना तिथे जावं लागू नये म्हणून हेही स्वतःवर घ्यायचं?"

"अरे, खरं सांगतेय मी!"

"सून असावी तर अशी," ताई म्हणाली, आणि तिच्या तोंडून असं काही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. "मी उगाच तुला फटकळ समजत होते."

भिंगरीने बाबांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा ना. सांगा यांना."

बाबा तिच्याकडे बघून मायेने हसले. "सूनबाई उगाच पांघरूण घालते माझ्यावर," ते म्हणाले. "मीच विसरलो. हल्ली विसरतो मी."

नवऱ्याने तिचा हात थोपटला. त्या थोपटण्यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

८

ती काचेकडे तोंड फिरवून बसली होती म्हणून तिलाच दिसलं.

भिंतीवरची सावली नव्हती. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळलेली होती, निर्मळ, तिने कागदावर काढली होती तशी. भिंगरीने श्वास सोडला. संपलं, तिला वाटलं. सांगितलं, आणि संपलं.

मग वाटेच्या टोकाचा बुटका दिवा दिसेनासा झाला. विझला नाही, त्याच्या पुढून काहीतरी गेलं, आणि तो पुन्हा दिसला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्याही अलीकडचा. सावकाश. पाय भरून आलेला माणूस चालतो तसं.

"चहा टाकू का?" ताई विचारत होती.

पाइप पडला होता तिथे ते क्षणभर अडलं. मग पुढे निघालं. डेकच्या खालच्या पायरीची पट्टी मधोमध तुटल्यासारखी झाली, दोन पावलांच्या रुंदीएवढी. मग वरची. मग सगळ्यात वरची, आणि ती तशीच तुटलेली राहिली. दाराबाहेर कुणीतरी थांबलं होतं. काचेत भिंगरीला स्वतःचा चेहरा दिसत होता, मागे नवरा, ताई, बाबा; आणि काचेपलीकडे नुसता डेक.

ती उठली. खुर्ची मागे पडली. तिने कडी काढली आणि दार सताड उघडलं.

"बाबा, आत या!" ती ओरडली, शेजारच्या घरातही ऐकू जाईल एवढ्याने. "झालं काम! आत या. मी विसरले तुम्हाला. माझं चुकलं!"

"ही कुणाला बोलावतेय?" मागे ताईने घाबरून विचारलं.

"अगं," नवरा म्हणाला. सावकाश आणि मोठ्याने. "अगं, बाबा इथे आहेत. बघ. इथे बसलेत."

वरच्या पायरीची पट्टी पुन्हा अखंड झाली. भिंगरीच्या दंडाला ओल्या कापडाचा स्पर्श झाला. तिने डोळे मिटून घेतले.

मागे टेबलावर चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"विसरली नव्हतीस," बाबा म्हणाले.

घसा बसलेला होता, पण आवाज खणखणीत. नवरा म्हणाला, "बाबा?"

"खिडकीत आली होतीस तू. फोन कानाला होता. पाऊस लागला होता, म्हणून मी हात वर केला. तू बघितलंस, आणि तूही हात केलास." बोलणाऱ्याला दोष द्यायचा नव्हता. त्याला फक्त मोजणी बरोबर हवी होती. "मग पडदा ओढलास."

भिंगरी कडीवर हात ठेवून उभी होती. तळ्याबद्दल विचारणारा तो फोनवरचा हसरा माणूस तिला ऐकू आला. काचेवरचे थेंब दिसले, आणि त्यापलीकडे, खिडकीतून जेमतेम पोचलेल्या उजेडात, भिंतीपाशी, वर झालेला एक हात. दोनच मिनिटं, असं तिला वाटलं होतं. तो हात डोळ्यांसमोर असताना बोलणं सुचत नव्हतं.

"हे काय म्हणतायत बाबा?" नवऱ्याने विचारलं. आता तो सावकाश बोलत नव्हता. "खरं आहे हे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नव्हता. तरी कुणीतरी तिच्या अगदी मागे येऊन उभं होतं, आणि त्याच्या कपड्यांना पावसाचा आणि लघवीचा वास येत होता. वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी त्यांना बघितलं होतं."